शब्दाची जात वाक्यात ठरते

इंग्रजीच्या तासाला 'शब्दांच्या जाती' हा धडा सुरू झाला की वर्गात थोडी चुळबूळ होते. जात हा शब्द आपल्या मुलांनी फार वेगळ्या अर्थाने ऐकलेला असतो. आम्हांला खटकते ते मात्र निराळेच. फळ्यावर तीन रकाने आखले जातात: शब्द, अर्थ, जात. 'फास्ट' म्हणजे जलद, विशेषण. मूल ते पाठ करते. परीक्षेत 'ही रन्स फास्ट' असे वाक्य येते. मूल निष्ठेने विशेषण लिहिते आणि गुण गमावते, कारण येथे तो शब्द धावण्याविषयी सांगतो, म्हणजे क्रियाविशेषण आहे. हा दोष मुलाचा नव्हे. शब्दाला जन्मतःच जात चिकटविणाऱ्या त्या रकान्याचा आहे.

'राउंड' हा नेहमीचा शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' यात तो विशेषण आहे. 'द सेकंड राउंड' म्हटले की नाम झाला. 'वुई राउंडेड द कॉर्नर' यात क्रियापद, 'ही टर्न्ड राउंड' यात क्रियाविशेषण, आणि 'द अर्थ मूव्ज राउंड द सन' यात शब्दयोगी अव्यय. एकच शब्द पाच कामे करतो. रकान्यात काय लिहिणार?

असे का होते, हे मुलांना सांगितले पाहिजे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. पुढील काही शतकांत ते बहुतांशी झडून गेले. 'शिक्षकाने मुलाला बोलावले' यातील पहिले दोन शब्द मागेपुढे केले तरी मराठीत अर्थ ढळत नाही. 'द टीचर कॉल्ड द बॉय' यातील नामांची अदलाबदल केली, तर मुलगाच शिक्षकांना बोलावू लागतो! प्रत्ययांचे पुष्कळसे काम तेथे जागा करते. म्हणून शब्दाकडे पाहण्याआधी त्याचे शेजारी पाहावेत.

ही दृष्टी आपल्या मुलांना परकी नाही. 'घरामागे झाड आहे' यातील 'मागे' शब्दयोगी आणि 'मागे बघ' यातील क्रियाविशेषण, हे त्यांनी मराठीच्या तासाला शिकलेले असते. 'चांगला मुलगा' आणि 'तो चांगला गातो' यांतला भेदही त्यांना कळतो. इंग्रजीच्या तासाला हे भांडवल कोणी बाहेर काढीत नाही. पाली व्याकरणात तर नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच पदप्रकार मानले आहेत. इंग्रजीचे शालेय व्याकरण आठ मानते. कप्पे माणसांनी सोयीसाठी केले, एवढे मुलांना त्यावरूनही उमगेल.

पाठांतर अगदीच टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. सर्वनामे मोजकीच आहेत, ती पाठ असावीत. परंतु घटक चाचणीत वाक्याविना सुटा शब्द देऊन त्याची जात विचारणे आपल्या शाळेने यंदापासून बंद करावे. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांची चूक सुधारायला घरी कोणी नसते. सायंकाळच्या अभ्यासिकेत माजी विद्यार्थ्यांनी अधूनमधून तासभर बसावे, इंग्रजी वर्तमानपत्रातील दहा वाक्ये काढावीत आणि प्रत्येक शब्दाविषयी मुलांना एवढेच विचारावे: हा येथे काय काम करतो आहे?