संप हराम, मग हक्क मारणं हलाल कसं?

२०२५च्या जुलैमधली गोष्ट. १७ तारखेला महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेनं एक दिवसाचा संप केला आणि १८ पासून बेमुदत संप सुरू झाला. त्याच दिवशी आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. मतलब असा की नर्सनं संप करणं म्हणजे आजारी माणसाचा गळा दाबणं. एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या माणुसकीला वाचवणं, ही कुरआनची शिकवणही शेवटी जोडली होती. जणू पगाराचा आणि कुरआनचा काही संबंधच नाही! खाली 'बेशक' आणि 'माशाल्लाह'ची रांग लागली.

मी तेव्हा गप्प बसलो. खरं सांगायचं तर मीही चिडलेलो होतो. माझ्या अम्मीचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात त्याच आठवड्यात ठरलं होतं. नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून आम्ही पोचलो आणि कळलं की ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकललीत. सत्तरीची बाई, रात्रीपासून उपाशी. मी काउंटरवर आवाज चढवला. तेवढ्यात एका वयस्क सिस्टरनं अम्मीला बाकावर बसवलं आणि समजावलं, "मावशी, ताप आला, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर वाट बघू नका. सरळ अपघात विभागात या. तिथं माणसं आहेत, तुम्हाला परत पाठवणार नाहीत."

परतीच्या गाडीत अम्मीनं विचारलं, "या पोरींना पगार किती मिळतो रे?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना मी तासभर शिव्या घालत होतो त्यांची मागणी काय आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. त्या मेसेजवर 'बेशक' लिहिणाऱ्यांपैकी कुणाला तरी ठाऊक असेल का, याची मला शंका आहे.

मागण्या दोन मोठ्या होत्या. सातव्या वेतन आयोगात राहिलेल्या वेतनत्रुटी दूर करा आणि कंत्राटी भरती थांबवून कायमच्या जागा भरा. यात नवीन काही नाही. २०२१च्या जूनमध्ये कोविडची दुसरी लाट ओसरत असताना याच परिचारिका आधी दोन-दोन तासांचं आणि मग दिवसभराचं काम बंद आंदोलन करत होत्या. २०२२च्या मे महिन्यात बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्या आझाद मैदानात बसल्या आणि २८ मेपासून बेमुदत संपावर गेल्या. चार वर्षांत तिसऱ्यांदा रस्त्यावर यावं लागत असेल, तर आधीच्या दोन वेळच्या आश्वासनांचं काय झालं, हा प्रश्न संप करणाऱ्याला विचारायचा की आश्वासन देणाऱ्याला?

ही झाली सरकारी नोकरीतल्यांची कहाणी. वसई-विरारमध्ये बहुतेक नर्स खासगीत आहेत. आपल्याकडं इमारतीच्या तळमजल्यावर मेडिकल आणि पहिल्या मजल्यावर वीस-तीस खाटांचं नर्सिंग होम, हे दृश्य प्रत्येक नाक्यावर दिसतं. जानेवारी २०१६ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला खासगी परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस केली की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार असावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला २०,००० रुपयांहून कमी असू नये. त्याला आता जवळपास दहा वर्षं होत आली. माझी भाची तीन वर्षांचा जीएनएमचा कोर्स करून आपल्याच शहरातल्या एका खासगी रुग्णालयात बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्या करते. तिचा पगार त्या २०,००० पर्यंत अजून पोचलेला नाही. वर तिची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात अडकवून ठेवलेली. सोडून जाईन म्हटलं तरी जाता येत नाही. २०११ मध्ये मुंबईतल्या खासगी रुग्णालयांमधल्या केरळी परिचारिका याच बाँडच्या जाचाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. एका मुलीनं जीव दिल्यावर. त्याआधी त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

आता आक्षेप एकेक करून बघू.

पहिला आक्षेप: संपानं माणसं मरतात. हा आक्षेप हलका नाही आणि मी तो उडवून लावणार नाही. पण वसई-विरारच्या माणसानं तो करताना जरा आठवावं. २३ एप्रिल २०२१ची पहाट, तीनच्या सुमारास विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या पहाटे तेरा रुग्ण गेले, पुढं आकडा पंधरावर पोचला. त्या रात्री कुणाचाही संप नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं दगावली. संप नव्हता. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण मेले. संप नव्हता. आणि पोलिसांनी कुणाला धरलं? भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. नगरमध्ये एक डॉक्टर आणि तीन परिचारिका अटकेत गेल्या. वायरिंग त्यांनी केलं नव्हतं, अग्निशमन यंत्रणेच्या निविदा त्यांनी अडवल्या नव्हत्या.

म्हणजे हिशेब असा आहे. व्यवस्था जळाली तर जबाबदार नर्स, आणि व्यवस्था सुधारा म्हणून ती ओरडली तरी गुन्हेगार नर्सच. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक परिचारिका हवी. कधी रात्री कुणाला भेटायला गेलात तर वॉर्डातल्या खाटा मोजा आणि सिस्टर मोजा. रिकाम्या जागांमुळं वर्षभर जो धोका असतो त्याला आपण 'परिस्थिती' म्हणतो. संपाच्या आठवड्यातल्या धोक्याला मात्र 'पाप'.

दुसरा आक्षेप: ही नोकरी नाही, सेवा आहे. हे वाक्य ऐकलं की मला केईएम आठवतं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएमच्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका वॉर्डबॉयनं अत्याचार केला. तिच्या मेंदूला जी इजा झाली त्यातून ती पुन्हा उठली नाही. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. पुढं ऐंशीच्या दशकात महापालिकेनं अरुणाची खाट मोकळी करून तिला दुसरीकडं हलवायचं ठरवलं, तेव्हा याच परिचारिका पुन्हा आडव्या आल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. १८ मे २०१५ला अरुणा गेली, तोवर बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर त्यांनी शय्याव्रण होऊ दिला नाही.

सेवा आणि संप एकमेकांचे वैरी आहेत असं म्हणणाऱ्यानं सांगावं, या बायका कोणत्या रकान्यात बसतात? त्यांनी संप केला तो सेवा विसरल्या म्हणून नाही. त्यांच्यातल्या एकीला रुग्णालयानं सुरक्षित ठेवलं नाही म्हणून. आणि सेवेची महती सांगून पगार कापायचा असेल, तर रुग्णालयाच्या मालकालाही ती महती लागू करा. त्याची गाडी का वाढते आणि सेवेचा वाटा फक्त सिस्टरच्याच पदरात का पडतो?

तिसरा आक्षेप: कायद्यानं मागावं. हरकत नाही. पण कायदा काय सांगतो? २००३ मध्ये तामिळनाडू सरकारनं संपकऱ्यांना घाऊक बडतर्फ केलं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही. महाराष्ट्रात मेस्मा आहे. १४ मार्च २०२३ला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप सुरू झाला आणि त्याच दिवशी विधानसभेत मेस्माचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. किती तत्परता! वेतनत्रुटीच्या फाइलला ही गती का येत नाही?

माझं म्हणणं साधं आहे. एखाद्याचं काम इतकं अत्यावश्यक असेल की त्याला संप करू देता येत नाही, तर त्याच्या तक्रारीचा निवाडाही तितकाच अत्यावश्यक मानायला हवा. ठरलेल्या मुदतीत, सरकारवर आणि मालकावर बंधनकारक असा लवाद द्या, मग संपबंदीबद्दल बोला. तोंड बांधायचं आणि कानही झाकायचे, याला शिस्त म्हणत नाहीत. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं १९९५ पर्यंत स्वतःवर संपबंदी घालून घेतली होती. १९१६ला स्थापन झालेल्या या संघटनेनं इंग्लंडमध्ये पहिला संप केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. शंभरहून जास्त वर्षं थांबलेली माणसंसुद्धा शेवटी उठतात.

आता दीनचं बोलू, कारण मेसेज दीनच्या नावानं आला होता. मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या आवारात रुफैदा अल-असलमिया यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना प्रेषितांनी (स.) तिथंच ठेवायला सांगितलं. जलशात आपण हे अभिमानानं सांगतो. पण मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, हेही प्रेषितांनीच (स.) सांगितलं. काम पुरं करून घेतलं आणि मोबदला दिला नाही, अशा माणसाविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, ही हदीस बुखारीत आहे. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी भरणारे यांच्यासाठी कुरआनात अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. बारा तासांची पाळी घेऊन आठ तासांचा पगार देणारा त्यात येत नाही का? मेसेज लिहिणाऱ्याला एकच आयत आठवली, आणि तीही फक्त नर्सला ऐकवण्यासाठी. जीव वाचवण्याचा हुकूम तीस खाटांवर एक मुलगी ठेवणाऱ्या मालकालाही आहे.

मग संपाला मर्यादा नाही का? आहे, आणि तीही दीनमध्येच सापडते. इजा पोचवू नका आणि इजेच्या बदल्यात इजा करू नका, हे फिकहचं मूळ सूत्र आहे. मालकानं माझं नुकसान केलं म्हणून मी ज्याचा काही दोष नाही अशा रुग्णाचा जीव धोक्यात घालू शकत नाही. आजाऱ्याची देखभाल ही फर्ज-ए-किफाया आहे. पुरेशी माणसं ती पार पाडत असतील तर बाकीच्यांवर गुन्हा नाही, कुणीच पार पाडत नसेल तर सगळेच गुन्हेगार. म्हणून अतिदक्षता विभाग, प्रसूतीकक्ष, नवजात कक्ष, डायलिसिस आणि अपघात विभाग इथली माणसं हलता कामा नयेत. आधी नोटीस हवी. ठरलेलं ऑपरेशन पुढं जाईल. सुरू असलेलं सलाईन काढलं जाणार नाही. जो संप ही रेषा ओलांडेल, त्याच्या बाजूनं मी उभा राहणार नाही.

आणि ही रेषा सगळीकडं एकाच जागी नसते. मुंबईत एक दार बंद झालं तर दुसरं असतं. आपल्या जिल्ह्यात तसं नाही. २०१४ला पालघर जिल्हा झाला, पण त्यानंतरही कित्येक वर्षं त्याला स्वतःचं जिल्हा रुग्णालय नव्हतं. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात दार बंद दिसलं तर मोखाड्याच्या बाळंतिणीला घाट चढून नाशिक गाठावं लागतं. तिथं संपाचं ओझं सगळ्यात गरीब बाईवर पडतं. संघटनेनं अशा ठिकाणी काळ्या फिती लावून काम चालू ठेवावं. त्यानं संप कमजोर होत नाही, उलट त्याची इज्जत वाढते.

शेवटी आपल्या घरात डोकावू. रुफैदाचं नाव घेणारे आपण, मुलगी नर्सिंगला जाते म्हटलं की रात्रपाळीचं कारण काढून रिश्ता मोडतो. वसईच्या ख्रिस्ती घरांतून मुली पिढ्यान् पिढ्या या पेशात जात आल्या, त्यांच्याकडून आपण काही शिकलो नाही. आणि आपल्या बिरादरीतले जे लोक नर्सिंग होम चालवतात, त्यांच्यातले किती जण वेळेवर आणि पुरता पगार देतात, याची चौकशी त्या ग्रुपवर कधी झाली नाही. रमजानमध्ये तेच लोक जकातचे पाकीट वाटतात. भाईजान, जकात तुमच्या शिल्लक मालावर आहे. सिस्टरचा थकवलेला पगार तुमचा माल नाहीच, तो तिचा आहे. आधी तो द्या.

अम्मीचं ऑपरेशन नंतर झालं, अल्हम्दुलिल्लाह. पुढच्या वेळी संपाची बातमी आली की मी ग्रुपवर गप्प बसणार नाही. 'बेशक' लिहिण्याआधी प्रत्येकानं अम्मीचाच प्रश्न विचारावा, एवढीच विनंती करेन: या पोरींना पगार किती मिळतो?