प्रार्थना कीं पहारा?

सायंप्रार्थनेची शिस्त ढिली झाली म्हणून मुलगे धर्माला पारखे झाले, अशी तक्रार ख्रिस्ती घरांतून वारंवार ऐकूं येते. आणि त्यावर उपाय सुचविला जातो तो हा कीं, बापानें मुलाचा हात धरून त्याला पुन्हां गुडघ्यांवर बसवावें. आमच्या मतें हा उपाय रोगाहून भयंकर आहे. शिस्त सुटली तर मुलगा फार तर प्रार्थना विसरतो. ती लादली तर तो देव आणि बाप या दोघांनाहि एकदमच मुकतो.

याचा दाखला इंग्रज ग्रंथकार एडमंड गॉस यांनीं १९०७ सालीं 'फादर अँड सन' या आत्मकथनांत देऊन ठेवला आहे. त्यांचे वडील फिलिप गॉस हे सागरी प्राण्यांचे नामांकित अभ्यासक आणि प्लिमथ ब्रदरेन या कडक पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. १८५७ सालीं पत्नी निवर्तल्यावर सात वर्षांच्या एकुलत्या मुलाचा आत्मा तारणें हेंच त्यांनीं आपलें व्रत मानलें. मुलगा दहा वर्षांचा होतांच त्याला जाहीर बाप्तिस्मा देण्यांत आला.

पुढें एकदां ब्राउन नांवाच्या कुटुंबानें मुलाला मेजवानीला बोलाविलें. बापाला तें रुचेना. परंतु सरळ नकार न देतां त्यानें मुलाला शेजारीं गुडघे टेकावयास लावून प्रभूचीच इच्छा विचारली, आणि मेजवानींतील धोके प्रार्थनेंतच प्रभूला ऐकविले! मग प्रभूचें उत्तर काय आलें, असें त्यानें मुलाला विचारलें. जाण्यास प्रभूची परवानगी आहे, असें मुलानें बेधडक सांगितलें. बाप अवाक् झाला. आपल्याच सापळ्यांत सांपडल्यामुळें त्याला माघार घ्यावी लागली.

हें वाचून हंसूं येतें, पण क्षणभरच. त्या खोलींत प्रार्थना झालीच नव्हती. बापानें आपला हुकूम देवाच्या तोंडीं घातला होता. मुलानें तीच युक्ति उचलून आपली हौस देवाच्या तोंडीं घातली. पुढें मुलगा नोकरीसाठीं लंडनला गेला, तेव्हां त्याच्या श्रद्धेची झडती घेणारीं पत्रें पाठोपाठ आलीं. आणि अखेर त्यानें बापाचा पंथ सोडला.

कोणी म्हणेल, ही एका बाजूची कैफियत आहे. खरें आहे, ॲन थ्वेट यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत फिलिप गॉस पुष्कळच प्रेमळ दिसतात. पण त्यानें आमचा पक्ष बळकटच होतो. हा दुष्ट बापाचा दोष असता तर आपणांस निश्चिंत बसतां आलें असतें. हा प्रेमळ बापाचा दोष आहे, म्हणूनच तो घरोघर शिरतो.

वस्तुतः ख्रिस्तानें शिकविलेल्या प्रार्थनेचा आरंभच देवाला पिता म्हणून होतो. ती उच्चारतांच गुडघे टेकलेला बाप हा बाप उरत नाहीं. तो मुलाशेजारीं बसलेलें दुसरें लेंकरूं होतो. मग त्या जागेवरून हुकूम सोडण्याचा त्याला अधिकार काय? लूकच्या पंधराव्या अध्यायांतील बाप पाहा. धाकटा वांटणी मागतो, ती तो देतो; रुसून बाहेर राहिलेल्या थोरल्याची तो स्वतः बाहेर येऊन समजूत घालतो. दोघांपैकीं एकालाहि तो दंडाला धरून घरांत ओढीत नाहीं.

आपल्याकडील एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें, आणि त्यांच्या मागें पुत्र देवदत्त यांनीं पूर्ण करून १९३८ सालीं प्रसिद्ध केलें. असा वारसा झडती घेऊन वसूल होत नसतो.

म्हणून बापांस आमचें सांगणें इतकेंच : प्रार्थना अवश्य करा, मुलाच्या देखत करा, पण ती स्वतःसाठीं करा आणि शेजारची जागा मोकळी ठेवा. मुलगा तेथें आला तर आनंदच आहे. न आला तर त्याच्याविषयीं देवाशीं बोला. देवाच्या नांवानें त्याच्याशीं बोलूं नका.