मालदीवच्या पाण्याखाली

मुलगा मालदीवला डायव्हिंगच्या हॉटेलात नोकरीला चालला आहे, पाठवू का, असे एका भगिनीने विचारले आहे.

पाठवा ताई, पण काम समजून घेऊन. तेथे पैसेवाले पाहुणे पाठीवर टाकी बांधून प्रवाळ पाहायला समुद्रात उतरतात. (टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, बहुधा साधी दाबलेली हवाच असते.) टाक्या उचलायला भारत, बांगलादेश, श्रीलंकेतली पोरे. त्यालाही पाण्यात उतरावे लागले, तर दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो हे त्याने ध्यानात ठेवावे. वर येताना श्वास रोखायचा नाही, फुप्फुस फाटू शकते. सावकाश वर यायचे. अनेक बुड्या मारल्यावर किमान १८ तास विमानात बसायचे नाही, मालकाने कितीही घाई केली तरी. दमा असेल तर आधी डॉक्टर.

आणि बॅगेत बुद्धमूर्ती ठेवू नका. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेण्यास मनाई आहे. त्रिशरण-पंचशील त्याला पाठ असेलच. खरे तर ११५३ साली राजाने इस्लाम स्वीकारेपर्यंत ही बेटे बौद्धच होती! काशिधू बेटावर १९९० नंतरच्या उत्खननात विहाराचे अवशेष निघाले. माले येथील संग्रहालयातली प्रवाळ-दगडाची बौद्ध शिल्पे मात्र ७ फेब्रुवारी २०१२ रोजी जमावाने फोडली. त्याचा राग तिथल्या सोबत्यांवर काढू नकोस, हेही मुलाला सांगा.

करारपत्राची एक प्रत घरी ठेवून घ्या. पासपोर्ट त्याच्याच खिशात राहू द्या.