वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?

परवा टीममधल्या एका ज्युनिअरचा कोड बघत होतो. क्लासनं एखादी मेथड स्वतः लिहिली आहे का, हे तपासायला त्यानं हॅजअ‍ॅटर वापरलं होतं. म्हटलं, हे चालणार नाही. तर म्हणाला, "सर, पण ट्रू येतंय की!"

ट्रू येणारच ना राव! हॅजअ‍ॅटर विचारतं, 'तुझ्याकडे आहे का?' 'तू कमावलंयस का?' असं नाही विचारत. पायथनमधला प्रत्येक क्लास शेवटी ऑब्जेक्ट या मूळपुरुषाचा वारसदार. त्यामुळे डंडर रेप्र (म्हणजे मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं रेप्र, वस्तू प्रिंट केली की काय दिसावं ते ठरवणारं) अगदी रिकाम्या क्लासकडेही असतंच. स्वकष्टार्जित काय ते बघायचं तर क्लासच्या डंडर डिक्टमध्ये ते नाव आहे का ते बघायचं. एका ओळीचं काम.

आता कट्टर पायथनवाले म्हणतील, मेथड कुणाची का असेना, चालली म्हणजे झालं. ज्याला मेथड नुसती वापरायची आहे त्याच्यापुरतं मलाही हे पटतं. पण जो कोड दुसऱ्याच्या क्लासमध्ये मेथड घालतो, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. हे मी ठेच लागून शिकलोय.

झालं असं, की आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकाचा डेटाक्लास होता. मोबाईल नंबर लॉगमध्ये जाऊ नये म्हणून त्यात आम्ही स्वतः रेप्र लिहिलं होतं, फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं. पुढे कुणीतरी त्याचा वारसदार क्लास केला, पत्त्याचं एक फील्ड वाढवलं, आणि सवयीनं वर डेटाक्लासचा डेकोरेटर लावला. (तो 'कुणीतरी' म्हणजे मीच.) दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये पूर्ण नंबर! ना एरर, ना वॉर्निंग.

कारण पायथन ३.७ मध्ये, २०१८ साली आलेला हा डेकोरेटर रेप्र तयार करताना फक्त त्या क्लासच्या डिक्टमध्ये बघतो. तिथे रेप्र असेल तर हात लावत नाही. वडिलांकडून आलेलं असेल तर खुशाल नवीन लिहितो, सगळी फील्ड्स दाखवणारं.

तेव्हा मी जाम वैतागलो होतो. आता वाटतं, त्याचं बरोबरच आहे. वारशानं आलेलं रेप्र तो मानत बसला असता, तर एका डेटाक्लासवरून केलेल्या दुसऱ्या डेटाक्लासची नवी फील्ड्स कधी दिसलीच नसती. माझी तक्रार फक्त गुपचूपपणाबद्दल आहे. आणि थोडी स्वतःबद्दल. नंबर लपवायचा हा नियम आम्ही मेथडवर टांगला होता, तो फील्डवर हवा होता. मोबाईलच्या फील्डलाच रेप्र इक्वल्स फॉल्स दिलं की वारसदाराच्या आपोआप बनलेल्या रेप्रमध्येही ते फील्ड येत नाही. आम्ही शेवटी तेच केलं. शेवटचे चार आकडे गेले, पण कुणाचं काही अडलं नाही.

उलट दिशेची सोय, म्हणजे 'ही मेथड मी मुद्दाम वडिलांच्या मेथडवर लिहितोय' असं जाहीर करायची, पायथनच्या टायपिंगमध्ये ३.१२ ला, २०२३ मध्ये आली. जावात ती २००४ पासून होती! पायथनमध्येही ती टाइप चेकर चालवला तरच कामाची. नुसता प्रोग्राम चालवला तर कुणी अडवत नाही.

आणि हो, डिक्टवरही डोळे मिटून विश्वास नको. क्लासमध्ये फक्त डंडर इक्यू लिहा, हॅश लिहू नका. पायथन स्वतःच त्या क्लासच्या डिक्टमध्ये हॅशच्या नावापुढे नन लिहून ठेवतो. म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे, जमीन शून्य!

ज्युनिअरनं डिक्टवाली ओळ टाकली, टेस्ट पास झाल्या, स्वारी खूश. हॅशचं त्याला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगेन, शनिवार-रविवार कशाला घालवायचा बिचाऱ्याचा.