वाचक जिथे जमतो तिथे

विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांची रांग पाहा. खेड्यातून आलेला माणूस परतताना पिशवीत एखादी पुस्तिका तरी नेतो. 14 ऑक्टोबर 1956 नंतर उभा राहिलेला हा वाचक मोठ्या प्रकाशकांनी घडवला नाही. लहान प्रकाशक आणि कवी स्वतः गठ्ठे घेऊन तिथे बसले.

आम्ही मुस्लिम मराठी लिहिणारे मात्र वाचक नाही म्हणून कुरकुरतो. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, ते हवंच होतं. पण संमेलनात बहुतेक लिहिणारेच एकमेकांना ऐकतात.

आपल्या नागपुरात ताजबागच्या उरुसाला मराठी बोलणारे हजारो लोक येतात, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. चादर, फुलं, मिठाई सगळं मिळतं. मराठी पुस्तकांचं टेबल मला तिथे कधी दिसलं नाही.

ते मांडायचं तर फक्त आपलीच पुस्तकं नकोत. दीक्षाभूमीवर माणूस बाबासाहेबांसाठी थांबतो, मग नव्या कवीलाही हात लावतो. आपल्याकडे ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, हमीद दलवाई आहेत. दलवाईंवरून आमच्यात वाद होणार, हे ठाऊक आहे. माझं त्यांच्याशी सगळं पटत नाही, तरी ठेवावेत असंच मी म्हणेन.