कथा आपली, सातबारा कुणाचा?

स्पायडरमॅन कुणाचा, असं आपल्या पोरांना विचारलं तर सगळे एका सुरात 'मार्व्हलचा' म्हणतील. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. पात्र मार्व्हलचं आहे आणि मार्व्हल २००९ पासून डिस्नेच्या मालकीची आहे. पण त्या पात्रावर सिनेमा काढायचा हक्क सोनी कंपनीकडे आहे. आणि पोरं बाजारात हट्टानं मागतात त्या स्पायडरमॅनच्या दप्तराचा, बाटलीचा, खेळण्याचा हक्क पुन्हा डिस्नेकडे. पडद्यावर एकच पोरगं उड्या मारतं, पण त्याच्या सातबाऱ्यावर नावं वेगवेगळी आहेत.

आंबेडकरी कार्यकर्त्यानं या भानगडीत का पडावं? कारण ज्या कागदानं स्पायडरमॅनचं नशीब ठरतं, तसल्याच कागदानं आपल्या गोष्टींचंही ठरतं. सिनेमात जात दाखवली की नाही, दाखवली तर नीट दाखवली की नाही, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. ती दाखवायची की पुसायची, हे ठरवण्याचा शेवटचा शब्द कुणाच्या हातात होता, हे मात्र आपण विचारत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असला पाहिजे.

बटई आणि ठोका

आमच्या जळकोट भागात रान बटईनं दिलं जातं, नाहीतर ठोक्यानं. बटईत मालक आणि कसणारा पीक वाटून घेतात. ठोक्यात एकरकमी पैसे ठरतात, मग पुढं पिकलं काय न् बुडालं काय. हा फरक ज्याला कळतो त्याला हॉलिवूडचे करार समजायला अवघड नाहीत.

मार्व्हल १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या नडीच्या काळाच्या आगेमागे तिची मोठी पात्रं वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेली. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे. सोनीला अट अशी की ठरलेल्या मुदतीत सिनेमा काढला नाही तर हक्क मूळ मालकाकडे परत. थोडक्यात, रान पडीक ठेवायचं नाही. २००७ मध्ये तिसरा भाग आला आणि २०१२ मध्ये सोनीनं नवा नट घेऊन तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, त्यामागं ही मुदतही होती.

२०१४ चा भाग अपेक्षेइतका चालला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी हातमिळवणी जाहीर केली. मार्व्हलचे केव्हिन फायगी सिनेमा घडवणार, स्पायडरमॅन मार्व्हलच्या इतर सिनेमांतही दिसणार. पण पैसा सोनीचा, मालकी सोनीची आणि सिनेमा कसा असेल याचा शेवटचा निर्णयही सोनीचा. हे त्यांनी जाहीर निवेदनात स्पष्ट लिहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये वाट्यावरून दोघांचं फाटलं, जगभरच्या चाहत्यांनी गोंधळ घातला आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा जुळलं. तेव्हाच्या बातम्यांनुसार डिस्नेनं खर्चाचा चौथा हिस्सा उचलायचा आणि नफ्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, असं ठरलं.

इथं लक्षात घ्यायची गोष्ट एकच. हे दोघे एकमेकांच्या भल्या मनावर काहीही सोडत नाहीत. कोण पैसा घालणार, कोण डोकं चालवणार आणि मतभेद झाले तर कुणाचं ऐकायचं, सगळं आधी कागदावर येतं.

कागदावर लिहिलेला रंग

हा कागद फक्त पैशाचा असतो असं कुणी समजू नये. २०१४ मध्ये सोनीच्या कंप्युटरांवर हल्ला होऊन कंपनीची कागदपत्रं बाहेर आली आणि २०१५ मध्ये त्यातल्या एका कराराची बातमी जगभर छापून आली. मार्व्हल आणि सोनी यांच्या २०११ च्या या करारात स्पायडरमॅनचे बंधनकारक गुणधर्म लिहिले होते. तो तंबाखू ओढणार नाही. तो कुणाचा छळ करणार नाही. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मध्यमवर्गीय घरात वाढलेला असेल. आणि पीटर पार्कर गोरा असेल, समलिंगी नसेल.

नायकाची चामडी कोणत्या रंगाची असावी, हे वकिलांनी कलम घालून ठरवलं होतं. काळा स्पायडरमॅन पडद्यावर आला तो २०१८ मध्ये, कार्टून सिनेमात, माईल्स मोराल्स या वेगळ्या नावानं. पीटर पार्करचं नाव गोऱ्यासाठीच राखून ठेवलेलं राहिलं.

आपले टीकाकार आपल्याला नेहमी सांगतात की कलेत जात आणू नका, कलाकृतीकडे कला म्हणून बघा. त्यांना हा करार दाखवा. ज्यांच्या हातात मालकी आहे ते आपली ओळख कलेच्या भरवशावर सोडत नाहीत, कलमात बांधून घेतात.

आर्ची-परशाचं काय झालं

आता घरी येऊ. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं करमाळ्याचं रान, पाटलाची आर्ची, पारध्याचा परशा. दोघं पळून हैदराबादला जातात. सोलापूरहून तिकडं जाणारा महामार्ग आमच्या जळकोटवरून जातो, त्यामुळं हा सिनेमा आम्हाला परका कधीच वाटला नाही. ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित पोराला सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून हाल करून मारलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले.

'सैराट'मध्ये पैसा होता झी स्टुडिओजचा आणि नागराजची स्वतःची 'आटपाट' ही संस्था निर्मितीत होती. मराठी सिनेमा पहिल्यांदा शंभर कोटींच्या घरात गेला. मग ज्याला धंद्याच्या भाषेत रिमेक म्हणतात तो सुरू झाला. कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली आणि २० जुलै २०१८ ला हिंदी 'धडक', झी आणि करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सचा.

'धडक'मध्ये गाणी राहिली, पळून जाणं राहिलं, शेवटचा खून राहिला. गेली ती जात. मुलगी उदयपूरच्या राजपूत पुढाऱ्याची, मुलगा हॉटेलवाल्याचा. जात एखाद्या वाक्यापुरती उरली. 'सैराट'मध्ये वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे मास्तरांच्या थोबाडीत पाटलाचा प्रिन्स मारतो आणि सगळं कॉलेज गप्प बसतं. तो एक प्रसंग गावातली सत्ता कशी चालते ते सांगून जातो. ती सत्ता हिंदीत एका बापाचा राग आणि निवडणुकीची काळजी एवढीच होऊन बसली.

शेवटही बदलला. मराठीत आर्ची-परशा मारले जातात आणि रक्तात पाय भरलेलं लेकरू उंबऱ्याबाहेर येतं. ते लेकरू दोन्ही जातींचं आहे, म्हणून ते आपल्या सगळ्यांना प्रश्न विचारतं. हिंदीत नवरा आणि लेकरू मारले जातात आणि मुलगी उरते. प्रश्न विचारणारं लेकरूच नाहीसं झालं आणि सिनेमा वरच्या घरच्या मुलीच्या दुःखावर संपला.

एकीकडे पीटर पार्करचं गोरेपण बंधनकारक. दुसरीकडे परशाची जात, जी त्या गोष्टीचा कणाच आहे, ती सहज वगळता येण्यासारखी. दोन्हीकडे नियम एकच चालला: ज्याच्या हातात शेवटचा शब्द, त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेच टिकतं.

दुसरी धडक आणि तिसरा हात

'धडक २' १ ऑगस्ट २०२५ ला आला. दिग्दर्शक शाझिया इक्बाल. यावेळी मूळ गोष्ट होती मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमाची, आणि तो काढला होता पा. रंजित यांच्या 'नीलम' संस्थेनं. या सिनेमात जात लपवलेली नाही. नायक दलित आहे आणि तो कायदा शिकतो. नायकाचा चेहरा रंग लावून सावळा केला अशी टीका झाली आणि ती रास्त होती. तरीही पहिल्या 'धडक'पेक्षा हा सिनेमा पुढं गेला, हे मान्य केलं पाहिजे. नीलमनं मूळ सिनेमा स्वतःच्या अटींवर, जात मध्यभागी ठेवून बनवला होता. जिथं पायाच आपल्या माणसानं घातला, तिथं वरचा मजला बांधणाऱ्याला तो पाया सहज उखडता आला नाही, असं आम्हाला वाटतं.

पण या सिनेमाला सेन्सॉर बोर्डानं सोळा बदल करायला लावले. त्याच वर्षी 'फुले' सिनेमाचं प्रदर्शन ११ एप्रिलवरून २५ एप्रिलवर गेलं. त्यातून 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला सांगितले, गुलामगिरीची तीन हजार वर्षं 'कित्येक वर्षं' करायला लावली. म्हणजे करारावर सही न करणारा आणखी एक हात या सातबाऱ्यावर आहे. स्टुडिओ दमडी मोजतो, बोर्ड शब्द मोजतं, आणि दोघांच्या मधे आपली गोष्ट उभी असते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: हक्क विकले ते आपल्याच माणसांनी, मग रडता कशाला? आम्हाला इथं कुणा कलाकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. एकटा कलाकार आणि पैसेवाली कंपनी समोरासमोर बसले तर अटी कोण घालणार हे उघड आहे. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या घरातल्या दोन पोरांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. ठोक्यानं. त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरचं पेन्शन आणि सिनेमावर नाव मिळालं ते १९७५ मध्ये, म्हातारपणी, तेही जाहीर आवाज उठवल्यावर. आपल्या अण्णाभाऊ साठेंच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले आणि १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले ते गरिबीतच.

दुसरा आक्षेप: मोठा पैसा आला की तडजोड आलीच. तसं नेहमी होतं असं नाही. २०२२ च्या 'झुंड'मध्ये टी-सिरीजचा पैसा होता, अमिताभ बच्चन होते, पण दिग्दर्शन नागराजचं होतं, म्हणून पडद्यावर भीमजयंती वाजतगाजत आली आणि बाबासाहेबांची तसबीर सन्मानानं आली. 'ब्लॅक पँथर' करणाऱ्या रायन कूगलर या काळ्या दिग्दर्शकानं २०२५ च्या 'सिनर्स'साठी वॉर्नर ब्रदर्सशी करार करताना दोन गोष्टी लिहून घेतल्या. सिनेमाचं अंतिम रूप तो ठरवेल आणि पंचवीस वर्षांनी मालकी त्याच्याकडे परत येईल. मागितलं म्हणून मिळालं, आणि मागायची ताकद आधीच्या यशातून आली होती.

मग करायचं काय

आज तुळजापूर, उमरगा, लोहारा तालुक्यांतली आपली पोरं मोबाईलवर शॉर्ट फिल्म काढतात, भीमगीतं रेकॉर्ड करतात. आमच्या ओळखीच्या एका गायक पोरानं आपलं गाणं एका कंपनीला किरकोळ रकमेत देऊन टाकलं. आता तेच गाणं त्यानं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं की काढून टाकलं जातं. कागद त्यानं वाचलाच नव्हता. अशी पोरं गावोगाव आहेत. म्हणून काही गोष्टी पाठच करून ठेवा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणं हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, ते परत येतात. स्पायडरमॅनच्या पडीक रानाचीच ही अट आपल्या कायद्यातही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातला वाटा दिला, आणि तो लिहून सोडून देता येत नाही. आणि कलम ५७ सांगतं की हक्क विकल्यावरही आपल्या नावाचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' कादंबरीवरच्या सिनेमाच्या वादात १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हे ठासून सांगितलं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो ना, तसाच हा लेखकाचा रकाना. तो कोरा सोडू नका.

त्या पलीकडे एक कलम आपण स्वतः लिहायला शिकलं पाहिजे: या गोष्टीतली जात बंधनकारक आहे, ती बदलता किंवा वगळता येणार नाही. मार्व्हलला गोरेपणासाठी असं कलम लिहिता येतं, तर आपल्याला सत्यासाठी का लिहिता येऊ नये? आपल्यातल्या वकिलांनी असा एक साधा मराठी नमुना-करार तयार करून तालुक्या-तालुक्यात वाटावा. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक हिस्सा काढून दर वर्षी एका तरी पोराच्या सिनेमाला द्यावा. रक्कम लहान असेल, पण मालकी आपली असेल.

पैसे देतो म्हटलं तरी 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात उभे राहिले नाहीत. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी स्वतःचं पत्र काढलं, पुढं 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' काढलं, स्वतःचा छापखाना उभा केला. आपलं म्हणणं मांडायचं तर मांडण्याचं साधन आपल्या हातात हवं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आजचा छापखाना म्हणजे कॅमेरा, आणि तो आपल्या पोरांच्या हातात आलाही आहे. आता करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायची सवय लावू या.

जय भीम!