टिकलेल्या माणसांची कमाई

धंद्याचा ताळेबंद पैशांत मांडण्याची रीत जुनी आहे. परंतु एखाद्या संस्थेने आपली माणसे किती वर्षे टिकविली, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात तर एक खेळ पुरा झाला की तो घडविणाऱ्यांना नारळ देण्याची प्रथाच पडू पाहत आहे. अशा वेळी अमेरिकेतील सुपरजायंट गेम्स या लहानशा कंपनीची कामगिरी आम्हांस विचारार्ह वाटते.

पोरांच्या खेळावर अग्रलेख कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, कथा, चित्र, संगीत आणि संवाद यांचा मेळ जेथे साधला जातो तेथे कलेचे निकष लावणे भाग आहे. विज्ञानकथा व अद्‌भुतकथा यांचा गौरव करणाऱ्या ह्यूगो पारितोषिकाने २०२१ साली व्हिडिओ गेमसाठी खास विभाग ठेवला. तो मान या कंपनीच्या ‘हेडिज’ या खेळास मिळाला.

अमीर राव आणि गॅव्हिन सायमन हे दोघे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीतील नोकरी सोडून २००९ मध्ये बाहेर पडले आणि सॅन होजे येथील एका राहत्या घरात त्यांनी काम मांडले. ‘बॅस्चन’ हा पहिला खेळ सात जणांनी घडविला. तो २०११ मध्ये बाजारात आला आणि २०१५ च्या आरंभापर्यंत त्याच्या ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे २०१४ मध्ये ‘ट्रान्झिस्टर’, २०१७ मध्ये ‘पायर’, २०२० मध्ये ‘हेडिज’ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘हेडिज २’ पूर्ण स्वरूपात आला. चौदा वर्षांत अवघे पाच खेळ!

यांपैकी ‘पायर’ची कहाणी आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. त्यात खेळाडू हरला तरी कथा थांबत नाही, पराभव पोटात घेऊन ती पुढे सरकते. कल्पना अभिनव होती, पण आधीच्या दोन खेळांइतका खप त्यास लाभला नाही. एखाद्या मोठ्या कंपनीने तेवढ्यावरून हिशेब मिटविला असता. येथे मात्र तीच माणसे पुढच्या कामास लागली आणि तीच कल्पना ‘हेडिज’मध्ये अधिक पक्व होऊन आली. त्यातील नायक प्रत्येक मृत्यूनंतर पाताळातील पित्याच्या घरी परततो आणि कथा तेथून पुढे जाते. ‘हेडिज’ पूर्ण होईतो ‘बॅस्चन’चे सातही शिल्पकार कंपनीतच होते. वर्षाकाठी किमान २० दिवस रजा घेतलीच पाहिजे, असा तेथील दंडक आहे, हेही ध्यानात घ्यावे.

याउलट उदाहरण पाहा. जपानमधील टँगो गेमवर्क्सच्या ‘हाय-फाय रश’ या खेळाचे २०२३ मध्ये समीक्षकांनी मुक्तकंठाने कौतुक केले. तरीही मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे क्राफ्टन या कोरियन कंपनीने तिला आश्रय दिला, हे तिचे सुदैव. यशस्वी माणसांचीही जेथे ही गत, तेथे अपयशातून शिकण्याची उसंत कोणाला मिळणार?

लहानपण हाच गुण, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्याच खेळानंतर मिटलेल्या लहान संस्था पुष्कळ आहेत. सुपरजायंटलाही पहिल्या यशाचा पैसा हाती नसता, तर ‘पायर’चा फटका सोसता आला असता की नाही, कोण जाणे! पण पैसा हाती असताना तो माणसे राखण्यासाठी वापरावा की पसारा वाढविण्यासाठी, हा निर्णय चालकांचा असतो. त्यांनी पहिला मार्ग धरला.

आपल्याकडील अनेक तरुण आज या व्यवसायाकडे वळत आहेत आणि त्यांचे पालक कंपनीचे नाव व पगाराचा आकडा पाहून निश्चिंत होतात. मागचा खेळ पडला तेव्हा तो करणारी माणसे पुढे कोठे गेली, हेही त्यांनी विचारावे. भांडवल घालणाऱ्यांनी तर ते आधी विचारावे. कारण अपयशाची किंमत एकदा मोजल्यावर त्यातून आलेले शहाणपण दाराबाहेर घालविणे, हा हिशेबानेही आतबट्ट्याचाच व्यवहार आहे.